म्हातारपणीचा पैसा: सोपवला म्हणजे सांभाळला असे नव्हे

ठाण्यातले खोपट म्हटले की आधी एसटीचे आगार डोळ्यांसमोर येते. या परिसरातल्या सोसायट्यांत आणि चाळींत एसटीत हयात घालवलेले चालक-वाहक आहेत, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या केलेले कामगार आहेत आणि तीस-पस्तीस वर्षे सकाळची लोकल पकडून मुंबईची कचेरी गाठलेले कारकूनही आहेत. यातल्या सरकारी नोकरांचे निवृत्तिवेतन बरे असते. एसटी आणि खासगी कारखान्यांतले लोक मात्र बहुतेक ‘ईपीएस-९५’ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पेन्शनर आहेत. त्या योजनेचे गणित १५ हजार रुपये वेतनाच्या मर्यादेवर चालते. त्या मर्यादेवर पस्तीस वर्षे सेवा धरली, तरी सूत्राने येणारा आकडा महिना साडेसात हजारांच्या आसपास असतो. २०१४ पासून किमान पेन्शन आहे एक हजार रुपये.

त्यामुळे या घरांचा खरा आधार पेन्शन हा नसतोच. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पीएफ, ग्रॅच्युइटी आणि राहते घर, एवढेच भांडवल असते आणि ते पुन्हा उभे करता येत नाही. अशा पैशाभोवती सल्ल्यांची गर्दी होते. सल्ला देणारे शेजारी, नातेवाईक, कट्ट्यावरचे मित्र असतात आणि बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो. तरीही यातले पुष्कळ सल्ले चुकीचे आहेत. त्यांचा सूर एकच असतो: कोणाच्या तरी हाती सोपवा आणि निवांत बसा. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. स्वतःच्या पैशावर स्वतःची नजर असणे, हेच उतारवयातले सर्वांत मोठे संरक्षण आहे.

गैरसमज १: वय झाले, आता सगळे व्यवहार मुलांकडे दिले की चिंता मिटली.

हे पटते, कारण अडचणी खऱ्या असतात. हात थरथरतो, सही जुळत नाही, बँकेचे जिने चढवत नाहीत, मोबाइलवरची अक्षरे दिसत नाहीत. मुले हौसेने मदत करतात आणि बहुतेक मुले प्रामाणिकही असतात. चूक मदत घेण्यात नाही. मदत आणि मालकी यांतला फरक पुसला जातो, तिथे चूक होते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा पद्धतीच्या संयुक्त खात्यातून कोणीही एक जण, दुसऱ्याला न विचारता, सगळी रक्कम काढू शकतो. सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र घर विकण्यापर्यंत जाऊ शकते. शिवाय ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, म्हणजे ‘माझ्या मागे उपयोगी पडेल’ या हेतूने केले असेल तर त्या वेळी ते निरुपयोगी असते. सही जमत नसेल तर आजारी व वृद्ध खातेदाराचा अंगठा साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. सत्तरीपुढच्या ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. पेन्शनचे आणि ठेवींचे खाते स्वतःच्या ताब्यात ठेवावे. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम असलेले वेगळे खाते मुलाबरोबर संयुक्त करावे. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे आणि ते वाचावे. बिले राहून जाणे, एकच रक्कम दोनदा भरणे ही विस्मरणाची पहिली लक्षणे असू शकतात. नियमित हिशेब ठेवणाऱ्या घरात ती वेळेवर दिसतात.

गैरसमज २: घर हयातीतच मुलाच्या नावावर केले की मागे भांडणे होत नाहीत.

महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. इतक्या स्वस्तात काम होते, म्हणून बक्षीसपत्र हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. परंतु बक्षीसपत्र नोंदवले आणि स्वीकारले गेले की मालकी त्याच दिवशी जाते. मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. मृत्युपत्राचे तसे नाही. ते साध्या कागदावर करता येते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ते कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते. तोवर घर मालकाचेच राहते.

बक्षीसपत्र आधीच झाले असेल तरी सगळे संपलेले नसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागेल, असे सांगितले. २ जानेवारी २०२५ रोजी ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि आईला घर परत मिळवून दिले. दोन्ही निकालांचा व्यवहारातला धडा सारखाच आहे: बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची आणि हयातभर राहण्याची अट त्यातच स्पष्ट लिहावी. तक्रार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करता येते आणि त्यासाठी वकील नेमावा लागत नाही.

गैरसमज ३: नॉमिनी लावला आहे, आता मृत्युपत्राची गरज नाही.

बँक, पोस्ट, सोसायटी, सगळीकडे अर्जात नॉमिनीचा रकाना असतो आणि मृत्यूनंतर पैसे त्याच्याच हाती दिले जातात. म्हणून नॉमिनी म्हणजे वारस, ही समजूत घट्ट बसली आहे. कायद्याने नॉमिनी हा विश्वस्त आहे. रक्कम घ्यायची आणि खऱ्या वारसांपर्यंत पोचवायची, एवढे त्याचे काम. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारा खटला मराठी माणसाला परिचित असलेल्या घरातला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर गुंतवणुकींच्या नामनिर्देशनावरून निर्माण झालेल्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. शेअर आणि रोख्यांचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र हेच निर्णायक असते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सोसायटीतल्या घरालाही हेच लागू आहे. राज्याच्या सहकार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेता येते. जीवनविम्यात २०१५ पासून थोडे वेगळे आहे. तिथे पती-पत्नी, आई-वडील किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याच्या रकमेवर त्यांचाच हक्क मानला जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. ती सोय जरूर वापरावी, पण त्याबरोबर मृत्युपत्र हवेच, आणि दोन्हींतली नावे एकमेकांशी जुळायला हवीत.

गैरसमज ४: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांचा विमा असतो आणि पतपेढीही बँकच आहे.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा विश्वास उगाच आलेला नाही. डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२), कल्याण जनता (१९७३) या सहकारी बँका इथल्याच मध्यमवर्गाने उभ्या केल्या. शाखेतला माणूस ओळखीचा असतो. मग गल्लीतली पतपेढीही त्याच घरातली वाटते. मात्र ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांना आहे, सहकारी पतसंस्थांना ते नाही. पतपेढी एक-दोन टक्के व्याज जास्त देते, त्यात या जोखमीची किंमत असते.

बँकेच्या बाबतीतही पाच लाखांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे आणि ती प्रत्येक बँकेसाठी आहे. खोपटच्या शाखेत चार लाख आणि नौपाड्याच्या शाखेत चार लाख ठेवले, तर आठ नव्हे, पाचच लाख सुरक्षित. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा एक लाख होती आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता आले. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी ही युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या पाच लाखांवरच्या रकमेसाठी मात्र दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. पंच्याहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून ठेवी विभागून ठेवाव्यात.

गैरसमज ५: दुकान ओळखीचे आहे, व्याज वेळेवर येते, म्हणजे पैसे खात्रीच्या हातात आहेत.

वेळेवर येणारे व्याज हाच या समजुतीचा पाया असतो आणि फसव्या योजनाही त्याच पायावर उभ्या राहतात. पहिले काही महिने नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा दिला जातो. तो मिळालेला माणूस मग स्वतःहून चार जणांना आणतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला पैसे खरोखर मिळालेले असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, डोंबिवली-ठाण्यातली गुडविन ज्वेलर्सची दुकाने बंद झाली. सोन्याच्या भिशीत आणि ठेवींत पैसे गुंतवलेली कुटुंबे पोलीस ठाण्यात रांगा लावून उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेसचा फुगा फुटला. दर आठवड्याला परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या या योजनेची शाखा कल्याणमध्येही होती.

पडताळणीचा मार्ग सोपा आहे. कंपनीने ग्राहकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ३६५ दिवसांपेक्षा जास्त काळ राहिली तर ती ठेव ठरते आणि तिला ठेवींचे कडक नियम लागतात. म्हणूनच सराफांच्या नियमात बसणाऱ्या योजना साधारण अकरा हप्त्यांच्या असतात. दोन-तीन वर्षांसाठी ‘ठेव’ घेणाऱ्या दुकानदाराला ती परवानगी कोणी दिली, हे विचारलेच पाहिजे. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे का हे पाहता येते आणि तक्रारही करता येते. विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे पैसे ठेवू नयेत.

गैरसमज ६: ऑनलाइन फसवणूक अडाण्यांची होते. शिकलेला माणूस फसत नाही.

‘डिजिटल अटक’ या नावाने चालणाऱ्या लुटीत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक फसले आहेत. त्याचे कारण समजून घ्यायला हवे. ही फसवणूक अज्ञानावर चालत नाही, ती कायद्याबद्दलच्या आदरावर चालते. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला गणवेशातला चेहरा व्हिडिओ कॉलवर दिसतो. ‘तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कोणाला सांगू नका’ असे ऐकू येते आणि अब्रूच्या भीतीने तो खोलीचे दार लावून घेतो. ही लूट इतकी पसरली की ऑक्टोबर २०२५ मध्ये एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

डिजिटल अटक नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे कोणत्याही खात्यात भरायला सांगत नाही. दुसरी गोष्ट: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. तिसरी: हयातीचा दाखला चालू करून देतो म्हणून आलेल्या लिंकला हात लावू नये. ‘जीवन प्रमाण’ ही सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे. चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपवरून किंवा पोस्टमनमार्फत तो दाखला घरबसल्या निघतो. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करावा, कारण चोर ते तासाभरात अनेक खात्यांतून फिरवतात आणि जितका उशीर, तितकी ते गोठवण्याची शक्यता कमी. बँकेलाही लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसण्याची किंमत ही अशी असते.

गैरसमज ७: एफडी सोडून बाकी सगळा जुगार. सगळा पैसा एफडीतच हवा.

ज्यांनी शेअर बाजारात हात पोळलेले शेजारी पाहिले, त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे. मुद्दल बुडत नाही हा एफडीचा गुण खराच आहे. परंतु पैसा दोन प्रकारे कमी होतो. एकदा बुडून आणि एकदा महागाईने झिजून. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर आज ३० हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी ६० हजार लागतील. साठीला निवृत्त झालेल्या माणसासाठी ही बाहत्तरी आहे, आयुष्याची अखेर नव्हे.

सुरक्षित पर्यायही एफडीपुरते मर्यादित नाहीत. पोस्टात आणि बँकांत मिळणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला सरकारची हमी आहे आणि तिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख आहे. त्याच महिन्यापासून तिचा ८.२ टक्के दर चालत आला आहे. या दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. खाते उघडताना जो दर असतो, तोच पाच वर्षे कायम राहतो. आधी ही योजना, मग वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी, वर्षभराचा खर्च हाताशी, आणि पुढची सात-आठ वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही असा छोटा हिस्साच महागाईवर मात करू शकणाऱ्या गुंतवणुकीत, असा क्रम असावा. सल्लागार घ्यायचा तर तो सेबीकडे नोंदलेला हवा आणि त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. बँकेच्या टेबलावर ‘एफडीपेक्षा चांगले’ म्हणून जे पुढे केले जाते, ते अनेकदा दरवर्षी हप्ता भरावा लागणारे विम्याचे उत्पादन असते. सही झाली असेल तरी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

गैरसमज ८: पंच्याहत्तरीनंतर आयकर माफ असतो.

हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले आहे. त्याच्या मुळाशी २०२१ च्या अर्थसंकल्पातली एक खरी तरतूद आहे. वय ७५ पूर्ण, उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतले व्याज, आणि बँकेला तसे घोषणापत्र दिलेले, अशा ज्येष्ठांना विवरणपत्र भरण्यातून सूट मिळाली. कर भरण्यातून नव्हे. तो कर बँकच कापून घेते. गोंधळात आणखी दोन गोष्टींची भर पडते. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एक लाखापर्यंत बँक करकपात करत नाही, पण कपात झाली नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त झाले असे नसते. दुसरी, २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. ती सवलत सर्वांना आहे, वयाशी तिचा संबंध नाही. घर किंवा शेअर विकून आलेला नफा तिच्यात बसेलच असेही नाही. ज्या वर्षी जुने घर विकले, त्या वर्षी हा गैरसमज महागात पडतो.

गैरसमज ९: साठीनंतर आरोग्यविमा मिळतच नाही, म्हणून सगळी रोकड दवाखान्यासाठी राखावी.

काही वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. पासष्टीनंतर कंपन्या अर्ज परत करत. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने वयाची ती अट काढली आणि आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाशी आधी सल्लामसलत करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यात कुटुंबातल्या ज्येष्ठांसाठी मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्ड सगळ्या रुग्णालयांत चालत नाही, योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच चालते. म्हणून आपल्या भागातली अशी रुग्णालये कोणती, हे बरे असतानाच पाहून ठेवावे. विमा घेताना रक्तदाब-मधुमेह लपवू नये. दावा नाकारण्याचे ते पहिले कारण ठरते.

गैरसमज १०: आयुष्यभर राबलो, आता घरी बसून आराम करणे हेच सुरक्षित.

विश्रांतीचा हक्क कोणी नाकारत नाही. दिवसभर घरात एकटे बसणे मात्र सुरक्षित नाही, ना शरीराला ना पैशाला. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पैशाच्या दृष्टीने कारण आणखी थेट आहे. वर आलेल्या बहुतेक फसवणुकींना एकटा माणूस लागतो. ज्याला ‘हे काय आहे रे?’ असे विचारायला कोणी आहे, तो फोन ठेवून देतो.

माणसांत राहणे खर्चाचेही नाही. ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीने राज्यभर मोफत प्रवास करता येतो आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे. खोपटच्या रहिवाशाला तर गाडी दाराशीच मिळते. १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८६४ पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय इथल्या वाचकांसाठीच आहेत. राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून काम करतो. स्थानिक संघात नाव घातले की बँकेच्या नव्या नियमापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत माहिती समवयस्कांकडून मिळते. ज्याला जमेल त्याने अर्धवेळ काम करावे, सोसायटीचे हिशेब पाहावेत, शिकवण्या घ्याव्यात. निवृत्तीनंतर कमावणे कमीपणाचे नाही. दोन-चार हजारांच्या कमाईने मुद्दलाला हात लावण्याची वेळ पुढे जाते.

दहाही समजुती एकत्र वाचल्या तर त्यांतून एक कसोटी हाती येते. ज्या व्यवहारात ज्येष्ठाला घाई करायला, गप्प राहायला किंवा बाजूला व्हायला सांगितले जाते, तो व्यवहार त्याच दिवशी थांबवावा, मग समोर अनोळखी अधिकारी असो, ओळखीचा दुकानदार असो की घरातलेच माणूस. खरा व्यवहार आठ दिवस थांबल्याने बिघडत नाही. त्या आठ दिवसांत बँकेत विचारता येते, संघात विचारता येते, १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विचारता येते. बँक दाद देत नसेल तर १४४४८ वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल यंत्रणेची माहिती मिळते आणि तिथली तक्रार विनामूल्य असते.

या आठवड्यात करण्याजोगे काम एवढेच: एका वहीत खाती, ठेवी, विमा, घराची कागदपत्रे आणि प्रत्येकासमोर नॉमिनीचे नाव लिहून काढावे, मृत्युपत्र नसेल तर त्याचा कच्चा मसुदा करावा, आणि वही कुठे आहे हे विश्वासाच्या दोन माणसांना सांगून ठेवावे. पासवर्ड आणि पिन त्या वहीत लिहू नयेत. मुलांची मदत घ्यावी, पण आकडे स्वतःच्या हाताने लिहावेत. ज्याला आपला पैसा कुठे आहे हे ठाऊक असते, त्याला फसवणे कठीण जाते.